निंबोऱ्याला पाणी येतं का

"निंबोऱ्याला नळाचं पाणी येतं का, एवढंच मंत्र्यांनी सांगावं. होय किंवा नाही."

एवढं बोलून अनसूयाताई येरणे खाली बसल्या नाहीत. समोरचा माईक हातात धरून उभ्याच राहिल्या. विधानसभेचं नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि ताईंच्या लक्षवेधी सूचनेवर गेला अर्धा तास सभागृह तापलं होतं. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसले होते. मंत्री उत्तर देताना अडले, तर चिठ्ठी लिहून माहिती पुरवायला अधिकारी तिथं फायली घेऊन बसतात. माझी खरं तर तिथं बसायची पायरी नव्हती. मी सव्वीस वर्षांची कनिष्ठ अभियंता. आमच्या कार्यकारी अभियंत्यांना कावीळ झाली आणि अकरा गावांच्या त्या नळयोजनेची माहिती असलेलं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून अधीक्षक अभियंता मोहरीर साहेब मला बरोबर घेऊन आले होते. माझ्या नावाचा पास त्याच सकाळी तयार झाला होता.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. त्या दिवशी सभागृहात कोण कुठं बसलं होतं ते मला आजही सांगता येईल.

विषय पाणीपट्टीचा होता. सरकारनं ग्रामीण भागातली पाणीपट्टी दीडपट केली होती. वर एक नियमही केला होता, की घरकुलाचा शेवटचा हप्ता हवा असेल तर पाणीपट्टी भरल्याची पावती दाखवा.

"अध्यक्ष महाराज," ताई थोड्या वेळापूर्वी म्हणाल्या होत्या, "निंबोऱ्यात एकेचाळीस घरकुलं भिंतींपर्यंत येऊन थांबली आहेत. पावती नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून छत नाही. लोक पट्टी का भरत नाहीत? कारण नळ कोरडा आहे. या भिंती बांधायलासुद्धा लोकांनी बैलगाडीनं पाणी आणलं, दोन कोसांवरून. ग्रामविकास म्हणतात तो हाच का?"

सत्ताधारी बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "तुमच्या काळात तर नळही नव्हते."

"नळ नव्हते तेव्हा पट्टीही नव्हती," ताई म्हणाल्या.

हशा झाला. अध्यक्षांनी घंटा वाजवली. पण मंत्री रंगनाथराव भोगे हसले नव्हते. बासष्ट वर्षांचा, दुष्काळी भागातून आलेला, अंगानं भरलेला माणूस. धोतर आणि वर पांढरा कोट. त्यांच्या हातातल्या छापील निवेदनात स्वच्छ लिहिलं होतं, 'योजनेतील सर्व अकरा गावांना पाणीपुरवठा सुरू आहे.' पण ताईंनी एकाच गावाचं नाव घेऊन विचारल्यावर त्यांनी मान वळवून आमच्या गॅलरीकडं पाहिलं.

मोहरीर साहेबांनी चिठ्ठी लिहिली. 'होय. नियमित.' घडी घातली आणि शिपायाला खूण केली.

मी विचार केला असता तर पुढचं काही केलं नसतं. फाईलच्या मागच्या कोऱ्या कागदाचा तुकडा फाडला आणि लिहिलं, 'नाही. सप्टेंबरपासून थेंबही नाही.' खाली सही केली. नलिनी खडतकर, कनिष्ठ अभियंता. शिपाई मोहरीर साहेबांची चिठ्ठी घ्यायला वाकला होता. मी माझी त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"काय होतं ते?" साहेबांनी विचारलं.

शिपाई तोवर मंत्र्यांपर्यंत पोचला होता.

भोगे साहेबांनी चष्मा लावला. पहिली चिठ्ठी वाचली आणि बोलायला तोंड उघडलं. मग दुसरी उघडली. परत पहिली पाहिली. समोरच्या बाकांवर 'उत्तर द्या, उत्तर द्या' सुरू झालं.

"अध्यक्ष महाराज," मंत्री म्हणाले, "मला आत्ता दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एकीवर लिहिलंय, होय, नियमित. दुसरीवर लिहिलंय, नाही, सप्टेंबरपासून थेंबही नाही. दोन्ही माझ्याच खात्याच्या आहेत."

सभागृह फुटलं. हसणारे हसत होते, ओरडणारे ओरडत होते, चार-पाच सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत उतरले. "अधिकाऱ्यांची नावं सांगा," कोणीतरी सारखं म्हणत होतं. मोहरीर साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

"नावं सांगणार नाही," भोगे साहेबांनी आवाज चढवला. "अधिकारी मला जबाबदार आहेत आणि मी सभागृहाला. काय बोलायचं ते मला बोला." मग ते ताईंकडं वळले. "मी उद्या सकाळी स्वतः निंबोऱ्याला जातो. सन्माननीय सदस्यांनी माझ्याबरोबर यावं. बारा वाजता इथं परत येऊन उत्तर देतो. तोवर ही लक्षवेधी राखून ठेवावी, अशी विनंती आहे."

"मी येते," ताई म्हणाल्या. "पण माझ्या गाडीनं."

"माझ्याच गाडीत बसा. नाहीतर परवा म्हणाल, मंत्री आधी पोचले आणि त्यांनी नळ सुरू केला."

अध्यक्षांनी लक्षवेधी राखून ठेवली.

बाहेर व्हरांड्यात मोहरीर साहेबांनी मला खांबाआड घेतलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"एकतीस मार्चला मी रिटायर होतोय, खडतकर. चार महिनेसुद्धा राहिले नाहीत."

"सर, पाणी येत नाही तिथं."

"ते मला माहीत नाही का? पण तू काय करून बसलीस ते तुला तरी कळतंय का? तुला तर सगळ्यात जास्त..." एवढ्यात मंत्र्यांचे स्वीय सहायक आमच्याकडं येताना दिसले आणि साहेब थांबले.

"खडतकर मॅडम तुम्हीच ना?" सहायक म्हणाले. "उद्या सकाळी सहाला बंगल्यावर या. साहेबांच्या गाडीत बसायचंय."

"मी?"

"चिठ्ठीवर सही तुमचीच आहे ना?"

सकाळी धुकं होतं. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, मागं मंत्री आणि ताई. नव्वद किलोमीटर जायचं होतं. पहिला अर्धा तास दोघं राजकारणातलं एक अक्षर बोलले नाहीत. ताईंनी पिशवीतून संत्री काढली. सोलून दोन फोडी मागून माझ्या हातात दिल्या.

"खा गं. कालपासून जेवलेली दिसत नाहीस."

भोगे साहेबांनी विचारलं, "शिक्षण कुठं झालं तुमचं, बाई?"

"अमरावतीला, साहेब."

"वडील?"

"शाळेत मास्तर होते."

"घाबरलात?"

"हो, साहेब."

"मीपण," ते म्हणाले. "दीडपट पट्टीचा निर्णय माझा आहे. आमच्याच पक्षाचे लोक नको म्हणत होते. मी बैठकीत शब्द दिला, की पाणी दिलं तर लोक पैसे देतात. माझ्या गावात बायका दिवसभर पाण्यापायी चालत होत्या. नळ आला तेव्हा पट्टी भरायला त्यांनी रांग लावली. ते मी डोळ्यांनी बघितलंय. आता एका गावाचा नळ कोरडा निघाला, तर ते एक गाव पुढं करून सगळे मिळून तो निर्णय फाडतील."

"आणि पाणी निघालं तर मला फाडतील," ताई म्हणाल्या. "मी चारशे मतांनी निवडून आलेय, भोगे साहेब. भर सभागृहात खोटी पडले तर गावात तोंड दाखवता येणार नाही."

"म्हणजे दोघांतला एक आज मेला."

"दोघांतला कशाला, तिघांतला म्हणा," ताईंनी माझ्याकडं बोट केलं. दोघंही हसले. मला हसू आलं नाही. आदल्या दिवसापासून जे सांगायचं होतं ते मी अजून सांगितलं नव्हतं.

निंबोरा टेकाडावर आहे. आठला पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती घरकुलं उभी होती. भिंती, दारांच्या चौकटी, आणि छताच्या जागी प्लास्टिक नाहीतर तुरीच्या काड्या, तुऱ्हाट्या. सरपंच हार घेऊन उभे होते, बरोबर पाच-सहा माणसं. देवळाजवळ नळकोंडाळं होतं. तोट्या गंजलेल्या, खालचा ओटा कोरडा ठणठणीत.

"आधी नळ, मग हार," भोगे साहेब म्हणाले. कोटाची बाही वर केली आणि स्वतःच्या हातानं तोटी फिरवली.

आधी फुस्स करून हवा आली. तोटी दोनदा खोकली. मग तांबडं पाणी थुंकलं, आणि मग धार पडली. मनगटाएवढी जाड, नितळ धार.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. सरपंच आ वासून धारेकडं बघत राहिले. भोगे साहेब माझ्याकडं वळले.

"खडतकर बाई, हे काय आहे?"

धारेकडं बघताच मला सगळं कळलं होतं.

"आलं वं, पाणी आलं," कुठल्या तरी दारातून बाईचा आवाज आला.

पुढच्या दोन मिनिटांत जे झालं तसं मी आजवर दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. प्रत्येक गल्लीतून बायका धावत आल्या. पितळी गुंड, हंडे, बादल्या, पराती, कपडे धुवायचं घमेलं, तेलाचे डबे. एकीनं पिंप डोक्यावर उलटं घेतलं होतं आणि वाट दिसत नसताना ती पळत होती. एक म्हातारा गुरांची दगडी कुंडी गडगडत ओढत होता. चारही तोट्या सुरू झाल्या. "सरका ना बाप्पा तिकडं," म्हणत एका बाईनं कोपरानं मंत्र्यांना बाजूला केलं. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सरपंचांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, हार देवळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्वतःच्या घराकडं बादली आणायला पळाले.

भोगे साहेब मागं सरकून भिंतीला टेकले. बराच वेळ ती झुंबड पाहत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "ज्या गावात रोज पाणी येतं, तिथं मंत्री आला तर लोक काय करतात?"

"तुमच्याभोवती गोळा होतात. निवेदनं देतात."

"इथं मला कोणी बघितलं तरी का?"

ताईंच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू परत येत होता.

तेवढ्यात एका बाईनं भरलेला हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडं निरखून पाहिलं. तिशीची, कपाळावर ओले केस चिकटलेले. तिचं नाव वच्छला, हे मला नंतर कळलं.

"मॅडम, तुमीच आलत्या ना जूनमंदी? तवाबी असंच आलतं पाणी. तुमी फोटू काढला अन् गेल्या. मंग तसं कदी आलंच नाई." तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "आज किती वेळ राहीन हे?"

"फार वेळ नाही," मी म्हटलं. "जेवढं मिळेल तेवढं लवकर भरून घ्या."

ती पळाली. भोगे साहेब माझ्याकडं पाहत होते.

"ती काय म्हणाली? जूनमध्ये?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, त्या सगळ्या गलक्यात, मोठ्यानं सांगावं लागलं.

"साहेब, निंबोरा शेवटचं गाव आहे आणि सगळ्यांत उंचावर आहे. सातव्या गावाच्या पुढं पाइपात एवढं वर चढण्याइतका दाब उरत नाही. पण आधीच्या दहा गावांचे वॉल, म्हणजे पाइपावरच्या चाव्या, बंद केल्या, तर सगळं पाणी इकडं चढतं. आज तेच केलंय कोणीतरी. आत्ता त्या दहा गावांत नळ कोरडे असतील."

"कोणी केलं?"

"ते मला माहीत नाही. कसं करतात ते माहीत आहे. जूनमध्ये मीच केलं होतं. योजना पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा होता. मी दहा वॉल बंद करून घेतले, इथं पाणी पोचलं, फोटो काढला, आणि 'सर्व अकरा गावांना पाणी पोचले' असं लिहून सही केली. तुमचं निवेदन त्याच दाखल्यावरून तयार झालंय."

भोगे साहेबांनी चष्मा काढला, कोटाला पुसला आणि परत लावला.

"म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या तुझ्याच," ते म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मला अहो-जाहो केलं होतं.

"हो, साहेब."

"दाखला दे म्हणून कोणी सांगितलं होतं?"

"सांगितलं वरून. पण सही माझी आहे."

"मग काल का लिहिलीस?"

"ताई म्हणाल्या, लोकांनी भिंतींसाठी बैलगाडीनं पाणी आणलं. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, महिन्याभरात आपण दाबाचं काम नीट करून टाकू. सप्टेंबरपर्यंत तरी कधीमधी थोडं पोचायचं, मग तेही थांबलं. कोणी विषय काढला नाही. मीही काढला नाही."

ताई म्हणाल्या, "भोगे साहेब, हे सगळं मी सभागृहात सांगू शकते, बरं का. तिच्या नावासकट."

"सांगा," ते म्हणाले. "मीच सांगणार आहे. नाव सोडून."

परतताना गाडी जोरात होती. मागच्या सीटवर भोगे साहेब कागदावर काही लिहीत होते, खोडत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "खरोखरचं पाणी यायला काय लागेल?"

"सातव्या गावाजवळ एक टाकी, तिथून वर चढवायला दुसरा पंप, आणि साडेतीन किलोमीटर जाड पाइप. पाइप आपल्या भांडारात आहे."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही, साहेब. वीजजोडणीवर अवलंबून..."

"हे उत्तर मला पाठ आहे," ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

बाराला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. मी गॅलरीत गेले तर मोहरीर साहेब कालच्याच जागी बसले होते.

"पाणी आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आलं, सर. दहा गावांचं तोडून."

त्यांनी मान खाली घातली. वॉल बंद करायला सांगणारा फोन त्यांनीच केला होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

खाली सभागृह खचाखच भरलं होतं. प्रेक्षक गॅलरीतही जागा नव्हती. लक्षवेधी पुकारली गेली आणि भोगे साहेब उभे राहिले. धोतर अजून ओलं होतं.

"अध्यक्ष महाराज, काल मी जे छापील निवेदन ठेवलं ते चुकीचं होतं. ते मी मागे घेतो आणि सभागृहाची माफी मागतो. निंबोऱ्याला पाणी येत नाही. आज सकाळी आलं होतं. मला दाखवायला दहा गावांचं बंद करून आणलं होतं. असंच एकदा जूनमध्ये आणलं होतं, त्यावरून दाखला झाला आणि त्यावरून माझं उत्तर. खातं माझं आहे, चूक माझी आहे. जूनपासून आणि पुढं पाणी पोचेपर्यंत निंबोऱ्याची पाणीपट्टी माफ केली आहे. तिथल्या एकेचाळीस घरकुलांचा हप्ता पावतीशिवाय दिला जाईल."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांच्याच बाकांवर कोणी बाक वाजवला नाही. समोरून मात्र आरोळी उठली, "राजीनामा द्या." मग सगळेच ओरडायला लागले. दहा-बारा जण पुढं धावले, कागद उडाले. विरोधी पक्षाचे गटनेते ताईंकडं पाहून हातानं उठा, उठा अशी खूण करत होते. त्यांना ताईंच्या तोंडून राजीनाम्याची मागणी हवी होती. ज्यांची लक्षवेधी त्यांनीच मागितला, तर वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येणार होतं.

ताई उभ्या राहिल्या. आवाज कमी होत होत थांबला.

"मला राजीनामा नको, अध्यक्ष महाराज."

गटनेत्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"हे गेले तर नवीन मंत्री येतील. त्यांना खातं पुन्हा निवेदन लिहून देईल, पाणीपुरवठा सुरू आहे. मग मी परत पहिल्यापासून भांडायचं. मी आज निंबोऱ्याच्या बायका पाहून आलेय. मला तारीख पाहिजे. दहा गावांचे वॉल उघडे असताना निंबोऱ्याला पाणी कोणत्या तारखेला येईल?"

भोगे साहेबांनी मान वळवली. गॅलरीकडं पाहिलं. मोहरीर साहेबांकडं नाही, माझ्याकडं.

मी पेन काढलं. मोहरीर साहेब कानाशी कुजबुजले, "लिहू नकोस. सभागृहात तारीख दिली की ती आश्वासन होते. चुकली तर हेच लोक तुला सोडणार नाहीत. तुझी चौकशी तर लागणारच आहे, वर हे कशाला ओढवून घेतेस?"

ते बरोबर सांगत होते. माझ्या डोक्यात सगळं एकदम धावत होतं. टाकीचं काँक्रीट, ते पिकायला दिवस. पंपाची मागणी, तो यायला दिवस. पाइप टाकायला माणसं. आणि वीज. विजेचा आकडा कुठंच बसत नव्हता. खाली सगळं सभागृह थांबलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर वाटत नव्हती. अंगात काहीतरी उसळत होतं. जूनपासून पहिल्यांदा मला काम दिसत होतं. कुठून सुरू करायचं आणि कोणाला उठवायचं, सगळं दिसत होतं.

मी लिहिलं, 'पंधरा मार्च.' खाली सही केली.

शिपाई आला. मी चिठ्ठी पुढं केली, तोच मोहरीर साहेबांनी ती माझ्या बोटांतून काढून घेतली. मला वाटलं, फाडतात. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, दोनदा वाचली, आणि खिशातलं पेन काढून माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

"एकट्या कनिष्ठ अभियंत्याच्या सहीवर वीजवाले जोडणी देत नाहीत," ते म्हणाले आणि चिठ्ठी शिपायाकडं दिली.

भोगे साहेबांनी ती वाचली. या वेळी चष्मा पुसला नाही.

"पंधरा मार्च," ते म्हणाले.

"लिहून घेतलं," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुपारी व्हरांड्यात भोगे साहेब समोरून आले. त्यांच्याभोवती माणसं होती. दोन पावलं पुढं जाऊन ते मागं वळले. "तुझी चौकशी होईल. मी मध्ये पडणार नाही."

"पडू नका, साहेब," मी म्हटलं.

चौकशी झाली. माझ्या दोन वेतनवाढी थांबल्या. त्याचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते पत्र आलं तेव्हा मी सातव्या गावाजवळ टाकीच्या खड्ड्यात उभी होते आणि मला ते नीट वाचायलाही फुरसत नव्हती. मोहरीर साहेब सत्तावन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे. ते रोज सकाळी स्कूटरवरून वीज कार्यालयात जाऊन बसायचे. कोणी हाकललं नाही आणि कोणी कामही केलं नाही, असं एकवीस दिवस चाललं. बाविसाव्या दिवशी तिथल्या अभियंत्यानं कंटाळून जोडणी दिली. वच्छला आणि आणखी पंधरा बायका पाइपाच्या चरावर मजुरीला होत्या. ताई आठवड्यातून एकदा यायच्या, चराच्या कडेनं चालायच्या आणि विचारायच्या, "किती राहिलं?" फेब्रुवारीअखेर मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि भोगे साहेबांचं मंत्रिपद गेलं. पाणीपट्टीचा निर्णय मात्र राहिला.

बारा मार्चला, शनिवारी, मी सकाळपासून जीपनं दहा गावं फिरले. प्रत्येक वॉल स्वतः हातानं तपासला. दहाही उघडे होते. मग निंबोऱ्याला गेले.

संध्याकाळी तालुक्याच्या बूथवरून भोगे साहेबांच्या गावी फोन लावला. ते गोठ्यात होते, बोलावून आणायला वेळ लागला.

"कोण?"

"नलिनी खडतकर बोलतेय, साहेब. कनिष्ठ अभियंता."

"बोल."

"निंबोऱ्याला पाणी आलं."

"किती वाजता?"

"दुपारी दोन चाळीसला."

"बाकीचे वॉल?"

"दहाही उघडे. मी बघितले."

"गढूळ का नितळ?"

"आधी गढूळ. मग नितळ."

"बरं," ते म्हणाले. "मग आता माफी संपली. सोमवारपासून पट्टी घ्यायला लाव. आणि दीडपटीनंच घे, बरं का."